आधी नमुन्यावर संशय

तिडके सरांना त्यांच्या नावापेक्षा त्यांच्या वाक्यानं ओळखणारी माणसं कॉलेजात जास्त. वाक्य असं : "पोटॅशियम सातच्या वर आलं, तर आधी नमुन्यावर संशय, मग पेशंटवर!" पहिल्या वर्षाच्या वर्गात सर ते 'आधी'पर्यंत म्हणत, टेबलावर डस्टर आपटत आणि थांबत. पुढचं दीडशे पोरं-पोरी छप्पर उडेल अशा आवाजात पुरं करत. एका वर्षी गॅदरिंगला पोरांनी ते टी-शर्टच्या पाठीवर छापून घेतलं. जीवरसायनशास्त्राच्या मास्तराला एवढं भाग्य पुष्कळ झालं. नाहीतर पोरं विषय परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतात आणि मास्तराला तिसऱ्या.

वाक्य काही नुसतं टाळ्यांसाठी नव्हतं. रक्त घ्यायच्या नळ्या असतात. लाल टोपणाची वेगळी, जांभळ्या टोपणाची वेगळी. जांभळीत रक्त गोठू नये म्हणून औषध घातलेलं असतं आणि त्या औषधातच पोटॅशियम असतं. पेशंटची शीर सापडत नाही, लाल नळीत रक्त कमी पडतं, मागं चार नातेवाईक डोळे वटारून उभे. मग घाईत कुणीतरी जांभळीतलं थोडं लालमध्ये ओततं. मशीन बिचारं प्रामाणिक, ते सांगतं पोटॅशियम आठ. आठ म्हणजे काळीज कधीही बंद पडायचं. वॉर्डात धावाधाव, इंजेक्शनं, आणि माणूस मुळात ठणठणीत! चांगल्या माणसाला औषधानं मारायची पाळी. सहा वर्षांपूर्वी सरांनी असा एक पेशंट वाचवला होता. वाचवला तो कॅल्शियमचा आकडा बघून. नळीतलं तेच औषध रक्तातलं कॅल्शियम गिळतं, म्हणून खोट्या नमुन्यात कॅल्शियम तळाला जातं. कॅल्शियम जागेवर, म्हणजे नऊ-दहाच्या घरात असेल, तर तशी भेसळ नाही. पोटॅशियम खरं धरायचं आणि पेशंटकडे पळायचं.

हेही सर दरवर्षी शिकवत. पण ते सांगायची वेळ नेमकी त्या आरोळीनंतर येई. बाकं वाजत असत, पोरं हसत असत आणि त्या गलक्यात सर म्हणत, "आणि कॅल्शियम बघायला विसरू नका." मागच्या बाकापर्यंत ते कधी पोचलं असेल, देव जाणे. खरं बोलायचं तर सरांना तो गलका फार आवडायचा. तो थांबवावा असं त्यांना कधी वाटलं नाही.

माणसाला काहीतरी हवं असतं हो. एकोणतीस वर्षं नोकरी केलेली. आधी तीन गावांत ट्यूटर म्हणून उंबरे झिजवले, दर अकरा महिन्यांनी नोकरी तुटायची आणि पुन्हा जोडायची. चाळिशीत पीएच.डी. झाली. मग संस्थाचालक भगवानरावांनी सिरसाळ्याच्या पुढे आपल्या माळावर मेडिकल कॉलेज काढलं, तेव्हा सर तिथं आले आणि यथावकाश प्रोफेसर झाले, विभागप्रमुख झाले. पण होते एम.एस्सी. एम.बी.बी.एस. नव्हते. मेडिकल कॉलेजात अशा मास्तराला 'नॉन-मेडिको' म्हणतात, आणि ते ज्या सुरात म्हणतात तो सूर ऐकला की कळतं. डॉक्टर घडवायचे, पण आपण डॉक्टर नाही. लग्न लावणाऱ्या भटजीसारखं, मंगलाष्टकं आपली, वरात दुसऱ्याची.

गावाला मात्र हा भेद कधी कळला नाही. पीएच.डी. झाली तेव्हा गावच्या फाट्यावर फ्लेक्स लागला होता, 'डॉक्टर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. छापणाऱ्यानं सरांच्या गळ्यात स्टेथोस्कोपही चिकटवला होता. सरांनी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. फ्लेक्सखाली थोरले बंधू बबनराव नवा फेटा बांधून उभे होते आणि शेजारी छबुबाई वहिनी. ही दोघं मिळून एक कोयता. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून मोजतात. बावीस हंगाम ती दोघं कारखान्यावर जाऊन आली आणि धाकटा रामा, म्हणजे सर, शिकला. अशा वेळी 'अहो, मी तसला डॉक्टर नाही' असं कोण म्हणणार? कुणीच म्हणालं नसतं, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही.

छबुबाई गावात सगळ्यांना सांगायची, "आमचं भावजी लई मोठं डाक्टर हायेत. डाक्टरायला शिकिवत्यात." दुसरं वाक्य खरं होतं, म्हणून पहिलंही खपून जायचं.

त्या आठवड्याच्या सोमवारी वरून पत्र आलं. नव्या नियमाप्रमाणे विभागप्रमुख एम.डी.च पाहिजे आणि पेशंटच्या रिपोर्टवर नॉन-मेडिकोची सही चालणार नाही. प्रमुख झाल्या प्रियदर्शनी मॅडम, वय चौतीस, सरांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्या खुर्चीत बसेनात. "सर, तुम्ही इथंच बसा, मी बाजूला बसते," म्हणत राहिल्या. सरांनी स्वतःच टेबलाचे खण रिकामे केले आणि रसायनांच्या कोठीशेजारच्या खोलीत जाऊन बसले. लॅबच्या कॉम्प्युटरवरचं त्यांचं खातंही त्याच दिवशी बंद झालं. रिपोर्ट पाहायचा झाला, तर आता कुणालातरी विचारावं लागणार होतं. सोमवार ते बुधवार सरांना वर्गाबाहेर कुणी काही विचारलं नाही. तीन दिवस म्हणजे फार नाही, पण ज्याला विचारायची सवय असते त्याला ते फार होतात.

गुरुवारी सकाळी बबनराव वहिनीला जीपमध्ये घालून घेऊन आले. तीन दिवस उलट्या, पायात त्राण नाही, लघवी अगदी कमी. अंबाजोगाई जवळ होती, तालुक्याचा दवाखाना त्याहून जवळ होता. पण छबुबाईनं हट्ट धरला होता, "न्यायचं तं भावजीच्या कालेजात, न्हाईतं न्हाई."

"वहिनी, किती गोळ्या खाल्ल्या ठणक्याच्या?" सरांनी विचारलं.

"कुठं खाल्ल्या? रोजची येक. लई दुखलं तं दोन." छबुबाई स्ट्रेचरवरून हसली. "तुमी हायेत ना आता. मला काय बी हुत न्हाई."

ठणक्याच्या गोळीनं मूत्रपिंड कसं सुकतं, हे सर दरवर्षी चित्र काढून शिकवायचे. वहिनीला मात्र एकदाच, जेवता जेवता, 'जास्त खात जाऊ नका' एवढंच म्हणाले होते.

मेडिसिनच्या वॉर्डात रोहिणी होती, तिसऱ्या वर्षाची रेसिडेंट. सात-आठ वर्षांपूर्वी पहिल्या बाकावर बसणारी. तिनं सरांना पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. "सर, तुमच्या वहिनी म्हणजे माझ्या घरच्याच. तुम्ही लेक्चरला जा, मी आहे." छबुबाईची शीर सापडेना. दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा रक्त थेंब थेंब आलं. सिस्टरनं पाठ करून नळ्या भरल्या. दोन वाजता सरांचं लेक्चर होतं. सर निघाले तेव्हा वहिनी त्या पोरीला सांगत होती, "माह्या दिराकडं शिकलीस ना? मंग तुला समदं येत आसंल."

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन आला. सर नुकतेच वर्गातून आपल्या खोलीत येऊन बसले होते. प्रियदर्शनी मॅडम कसल्यातरी कागदावर सल्ला घ्यायला आल्या होत्या. खरं तर सरांना बरं वाटावं म्हणूनच आल्या होत्या.

"सर, रोहिणी. वहिनींचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, किडनीचंच आहे. आणि पोटॅशियम सात पॉइंट आठ आलंय," पलीकडून पोरीचा आवाज जवळजवळ आनंदी होता. "पण मी घाबरले नाही, सर. शीर सापडत नव्हती ना, नळ्यांचा घोळ झाला असणार. ईसीजी पण बऱ्यापैकी ठीक आहे. आधी नमुन्यावर संशय! दुसरा नमुना पाठवलाय, तो येईपर्यंत थांबते."

आता इथं सरांनी एकच प्रश्न विचारायचा होता. तीन शब्दांचा, वर्षानुवर्षं तोंडात घोळलेला. पण तीन दिवस कुणी विचारलं नव्हतं, समोर प्रियदर्शनी मॅडम बसल्या होत्या, आणि भर वॉर्डात, त्यांच्याच माणसाच्या उशाशी उभी राहून एक पोरगी त्यांचं वाक्य जसंच्या तसं म्हणत होती. सरांची छाती भरून आली.

"शाब्बास!" ते म्हणाले. "याला म्हणतात डॉक्टर."

फोन ठेवून त्यांनी मॅडमकडे पाहिलं. "आपली रोहिणी. पोटॅशियम आठ दिसलं तरी जागची हलली नाही." मॅडम हसल्या. "तुमचे विद्यार्थी आहोत, सर." मग चहा आला. सहा वर्षांपूर्वीची ती केस सरांनी मॅडमना पुन्हा सांगितली. मॅडमनी ती पूर्वी चारदा ऐकली होती, तरी पाचव्यांदा मन लावून ऐकली. त्या गोष्टीच्या शेवटी सर नेहमी म्हणत, "आणि मी कॅल्शियम पाहिलं, ते होतं फक्त चार."

ते म्हणाले आणि कप हातातच राहिला.

"वहिनींचं कॅल्शियम किती आलं?"

मॅडमना कळलं नाही. सरांनी समोरच्या कॉम्प्युटरवर बोटं ठेवली. मग खातं बंद असल्याचं आठवलं. रोहिणीला फोन लावला, ती उचलेना. तसेच उठून लॅबच्या दारात गेले. आत बिभीषण, लॅबचा जुना टेक्निशियन, मशीनसमोर बसला होता.

"बिभीषण, छबुबाई तिडके. पहिला नमुना. कॅल्शियम?"

बिभीषणनं पाहिलं. "नऊ पॉइंट एक, सर."

"सीरम लालसर होतं का?" रक्तातल्या पेशी फुटल्या, तर वरचं पाणी लालसर होतं आणि तेव्हाही पोटॅशियम खोटं चढतं.

"न्हाई सर. एकदम साफ सीरम व्हतं." बिभीषण काही मेडिकलला गेला नव्हता, पण सरांच्या हाताखाली पंधरा वर्षं होता. त्यानं मान वर करून सरांकडे पाहिलं. "सर, मंग ते आठ खरंच हाय."

सत्तावन्न वर्षांचे तिडके सर धावले. तिसऱ्या मजल्यावरून खाली, मधल्या अंगणातून हॉस्पिटलच्या इमारतीत, आणि पुन्हा दोन मजले वर, कारण लिफ्ट कुठंतरी वर अडकून होती. पहिला रिपोर्ट येऊन पस्तीस मिनिटं झाली होती. वाटेत पोरं बाजूला होत म्हणत होती, "गुड आफ्टरनून, सर." एकानं तर त्यांच्याकडे पाहून डस्टर आपटल्यासारखा हात केला आणि हसला. सर थांबले नाहीत.

छबुबाई जागी होती. उशी उंच करून पडली होती. श्वास उथळ, ओठ कोरडे.

"आलं का भावजी," ती म्हणाली. "पाय उचलंना झालेत बगा."

"रोहिणी," सर धापा टाकत म्हणाले, "कॅल्शियम नऊ आहे. पोटॅशियम खरं आहे."

रोहिणीचा चेहरा असा उतरला की सरांना तिच्याकडे बघवेना. ती हुशार पोरगी होती, तिला पुढचं काही सांगावं लागलं नाही. ती ओरडली, सिस्टर धावली, ट्रॉली आली, कॅल्शियमचं इंजेक्शन फोडलं. सर कॉटच्या पायथ्याशी उभे होते. ते इंजेक्शन काळजाच्या पेशीवर कसं काम करतं, किती मिनिटांत करतं, किती वेळ टिकतं, हे त्या वॉर्डात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि त्यांनी उभ्या जन्मात कुणाला सुई टोचली नव्हती. हात होते, पण काय करावं त्या हातांनी? त्यांनी वहिनीचे पाय धरले. पाय गार होते.

औषध सिरिंजमध्ये भरून होईस्तोवर मॉनिटरवरची रेघ रुंद झाली, वाकडी झाली, आणि लोळली. सलाईनच्या नळीला सुई लागली तेव्हा रोहिणी एका हातानं औषध ढकलत होती आणि दुसरा एक डॉक्टर कॉटवर चढून छाती दाबत होता. कुणीतरी म्हणालं, "सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?" अगदी आदरानं म्हणालं. नातेवाइकांना म्हणतात तेच वाक्य.

पन्नास मिनिटं त्यांनी प्रयत्न केले. मधेच सरांच्या खिशातला फोन वाजला. बिभीषण होता. "सर, दुसरा नमुना झाला. आठ पॉइंट दोन." सर 'बरं' म्हणाले.

रोहिणी बाहेर आली ती भिंतीला धरूनच. तिचा ॲप्रन घामानं पाठीला चिकटला होता. "सर, माझं चुकलं," ती म्हणाली. "मी दोन ओळी खाली बघायला पाहिजे होतं. रिपोर्ट हातात होता, सर. मला तेवढंच आठवलं. तेवढंच नेहमी आठवतं."

"तुझं नाही चुकलं."

"सर, कॅल्शियम..."

"तू मला फोन केलास. मी काय म्हणालो?"

तिनं ॲप्रनच्या बाहीनं कपाळ पुसलं.

"मी शाब्बास म्हणालो," सर म्हणाले. त्यांना तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण आपल्या हाताचा आज कुणाला काही उपयोग नाही असं त्यांना वाटलं आणि तो खाली राहिला. रोहिणी तोंडाला ओढणी लावून ड्यूटी रूमकडे गेली. तिला अजून अकरा पेशंट बघायचे होते.

बबनराव जिन्याजवळच्या बाकावर बसले होते. मांडीवर रुमाल, रुमालात वहिनीच्या बांगड्या. सिस्टरनं काढून दिलेल्या. आतलं त्यांना कळलं होतं. ते रडत नव्हते. बावीस हंगाम ज्या बाईच्या बरोबरीनं कोयता चालवला, तिच्याशिवाय उठून कुठं जायचं हेच जणू त्यांना कळत नव्हतं. सर शेजारी बसले.

"कशानं झालं, रामा?"

सरांनी ठरवलं होतं की आज खरं बोलायचं. फ्लेक्सच्या दिवशी राहून गेलं, ते निदान आज.

"दादा, रक्तात एक खार असतो. तो वाढला की काळीज बंद पडतं. वहिनीचा वाढला व्हता. मशीननं येळेवर सांगितलं. पोरीनं बघितलंबी. पण तिला वाटलं मशीन खोटं बोलतंय."

"कावून?"

"मी तसं शिकवलंय मनून. आकडा मोठा दिसला की आधी खोटा धरायचा, असं मीच शिकवतो. अर्धंच ध्यानात राहतं पोरायच्या. आणि तिनं मला फोन केलता. मी मनलो, बरोबर केलंस. माझ्या त्या एका शब्दात अर्धा तास गेला, दादा."

सर वाट पाहत होते. भावानं कानाखाली वाजवावी, कॉलर धरावी, चार माणसांत शिव्या घालाव्यात. काहीही चाललं असतं.

"मंजी," बबनराव सावकाश म्हणाले, "पोरीनं तू शिकिवल्यावाणीच केलं?"

"हो."

"तुला इचारल्याबिगर काय बी केलं न्हाई?"

"न्हाई."

"मंग कावून रडतो बे?" त्यांनी सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दुसऱ्या कुटं नेली असती तं जलमभर मनाला लागलं असतं, की रामाकडं न्यायाला पायजे व्हती. आता त्ये तरी न्हाई. तिचीबी तीच विच्छा व्हती."

"दादा, तुला समजलं न्हाई. मी..."

"समजलं की." बबनरावांनी खिशातून फोन काढला. "देवानं आवतन धाडलं तं डाक्टरनं काय करावं."

ते गावाकडं एकेकाला फोन लावू लागले. आधी मुलीला, मग व्याह्याला, मग भावकीत. प्रत्येकाला तेच सांगत होते, त्याच शब्दांत. "गेली. न्हाई न्हाई, काय बी कमी पडलं न्हाई. आपल्या रामाच्या शब्दाभाईर कुणी गेलं न्हाई." चौथ्या की पाचव्या फोनला पलीकडून सरपंच सुंदरराव होते. ते काहीतरी खोदून विचारत होते. बबनरावांनी फोन सरांपुढे धरला.

"तू बोल. मला त्यातलं कळत न्हाई. तू डाक्टर हायेस."

सरांनी फोन घेतला.

"रामप्रसाद," सुंदरराव म्हणाले, "लई वाईट झालं. पर तुमच्या डोळ्यासमूर सगळं येवस्थित झालं ना? उपचाराला उशीर-बिशीर तं झाला न्हाई?"

बबनराव त्यांच्या तोंडाकडे बघत होते. अख्ख्या दिवसात त्यांच्या डोळ्यात पहिल्यांदा पाणी आलं होतं, आणि त्या डोळ्यांना एवढं एकच उत्तर हवं होतं.

"न्हाई," तिडके सर म्हणाले. "सगळं येळेवर झालं."